जालन्यात बांधलेली गाळबोट

जालन्याला समुद्र नाही. कुंडलिका आहे, पण माझ्या नोकरीच्या दिवसांत उन्हाळा लागला की तिच्या पात्रात पोरं विटीदांडू खेळत. अशा गावात आम्ही एक जहाज बांधलं, असं मी सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग मी त्याला बसवून घेते आणि पहिल्यापासून सांगते. आता वय झालं, तरी हे सांगताना माझा आवाज जरा चढतोच. चढू दे.

तेव्हा जालना जिल्हा झाला नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. तिथं पाणीपुरवठ्याच्या कामांचं एक सरकारी वर्कशॉप होतं. पंप दुरुस्त व्हायचे, तलावांचे लोखंडी दरवाजे बनायचे, पाइपांना वेल्डिंग व्हायचं. मी तिथं आरेखक म्हणून लागले. साहेब लोक कच्च्या कागदावर जे मांडत, ते बरोबर मापात मोठ्या कागदावर काढायचं, मग ट्रेसिंगवर शाईनं उतरवायचं आणि कामगारांच्या हातात द्यायचं, हे माझं काम. त्या सगळ्या आवारात मी एकटी बाई होते.

माझं गाव वडीगोद्रीच्या खाली, गोदावरीच्या काठावर. आमची वस्ती गावाच्या कडेला. आमच्या लोकांनी धम्म घेतला त्याच्या आदल्या वर्षी माझा जन्म. मायच्या हाताखाली मी भांगलायला जायचे, कापूस वेचायचे, आणि शाळेतही जायचे. बाबा मात्र शेतमजुरीला कधी गेले नाहीत. ते नदीवर नोकरीला होते, आणि याचा मला लहानपणापासून मोठा तोरा होता.

नदीकाठी एक पंपहाऊस होतं. त्यातून वरच्या गावांना पाणी जायचं. नदीतलं पाणी पंपापर्यंत यायला एक रुंद चारी खणलेली होती. पावसाळ्यात नदी भरून यायची, आणि उतरताना त्या चारीत कमरेइतका गाळ टाकून जायची. तो काढला नाही तर पंप कोरडा पडायचा. गाळ काढायला निजामाच्या काळातली एक बोट होती. लाकडी तळ, वर लोखंडी सांगाडा, आणि त्या सांगाड्यावरून गोल फिरणारी बादल्यांची साखळी. एकेक बादली पाण्यात जाऊन चिखल घेऊन वर यायची आणि काठाकडच्या पन्हाळीत ओतायची. इंजिन सुरू झालं की असं हंबरायचं, की गावातले लोक त्या बोटीला ‘रेडा’ म्हणत. दसऱ्याच्या सुमाराला आवाज आला की बाया म्हणायच्या, “रेडा सुटला गं.”

त्या रेड्यावर बाबा तरुणपणी खलाशी म्हणून चढले आणि पुढं त्याचे चालक झाले. त्यांच्या अंगाला डिझेलचा आणि चिखलाचा मिळून एक वास यायचा. मी भाकरी घेऊन जायचे तेव्हा ते मला बोटीवर घ्यायचे. मी एका लोखंडी पेटीवर बसून बादल्या मोजायचे. मोजता मोजता झोप लागायची.

मॅट्रिक झाल्यावर शाळेतल्या एका गुरुजींनी बाबांना सांगितलं, पोरीचा हात चित्राला चांगला आहे, औरंगाबादला आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स असतो. बाबांना तो शब्द नीट म्हणता येत नव्हता. घरी येऊन मायला म्हणाले, “पोरगी नकाशे काढनार हाय. मशिनींचे.”

माय म्हणाली, “मशिनी समोर असतात की. त्यांचे नकाशे कशाला?”

“आधी नकाशा, मंग मशीन,” बाबा म्हणाले. “रेड्याचाबी कुनीतरी काढला असंलच की.”

मी कोर्स केला, पास झाले आणि जालन्याच्या वर्कशॉपात लागले. दुष्काळ सरला त्याच्या पुढची ती वर्षं. पाण्याची कामं जोरात होती, माणसं हवी होती.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या पावसाळ्यानंतर रेडा बुडाला.

तळाच्या फळ्या कित्येक वर्षांपासून कुजत आल्या होत्या. बाबा आणि त्यांचे दोन खलाशी दर उन्हाळ्यात त्या फळ्यांच्या फटींत डांबर आणि ताग कोंबायचे. त्या वर्षी चारीच्या तोंडाशी काम चालू असताना एक फळी सुटली आणि पाणी आत आलं. बाबांनी इंजिन बंद केलं नाही. काठाला बांधलेले दोर गुंडाळणाऱ्या चरख्यावर स्वतः उभे राहिले आणि बोट ओढत ओढत काठाच्या वाळूवर नेऊन टेकवली. माणसं सगळी वाचली, इंजिनही वाचलं. पण तळ उघडा पडला तो पडलाच. मला ही बातमी कळली ती वर्कशॉपात, आलेल्या तारेवरून. तारेत माणसांचा उल्लेखच नव्हता. संध्याकाळची एसटी पकडून मी घरी गेले. बाबा ओट्यावर बसले होते, पायाला चिंधी बांधलेली.

“कायी झालं न्हाई मला,” ते म्हणाले. “रेडा बसला पन. आता उठत न्हाई तो.”

त्या वर्षी माणसं लावून चारी खणली. निम्मीच झाली, आणि वरच्या गावांना निम्मंच पाणी मिळालं.

नवी बोट हवी, हे सगळ्यांना मान्य होतं. पण आणायची कशी? बोटी बांधतात मुंबईला नाही तर कलकत्त्याला. तिथून गोदावरीच्या आमच्या घाटापर्यंत पाण्यानं वाट नाही, आणि तयार बोट रस्त्यावर मावत नाही. वर्कशॉपचे मुख्य साहेब मूळचे रत्नागिरीकडचे. पन्नाशीचे, कमी बोलणारे, पान खाणारे. एका सकाळी त्यांनी आम्हाला सगळ्यांना मोठ्या शेडमध्ये बोलावलं आणि म्हणाले, “गाळबोट आपणच बांधू. इथंच.”

मग आमचे वेल्डिंगचे मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणत, ते म्हणाले, “साहेब, आम्ही टाक्या बनवल्या. टाकीत पाणी आत ऱ्हायतं. ह्याच्यात पाणी बाहेर ठेवायचंय. बराबर?”

“बरोबर,” साहेब म्हणाले.

“मंग उलटी टाकी समजून बनवू.”

शेडभर हशा पिकला आणि काम सुरू झालं. ऑफिसातल्या कारकुनानं पहिल्याच कागदावर ‘गाळबोट’ऐवजी ‘गालबोट’ टाइप केलं. साहेबांनी ते वाचलं, हसले आणि तसंच राहू दिलं. म्हणाले, “असू द्या. दृष्ट लागणार नाही.”

साहेबांनी मला विचारलं, “जुनी बोट पाहिली आहे का तुम्ही?”

“माझे वडील चालवतात ती, साहेब,” मी म्हणाले. “मी तिच्यावर बसूनच वाढले.”

त्यांनी पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. “मग मापं घ्यायला तुम्हीच चला.”

असं मी सरकारी जीपमधून माझ्या गावात शिरले. पायजम्यातले दोन मदतनीस, साहेब पुढं, मी मागं, मांडीवर टेप आणि फळी. बाबा वाळूवर टेकलेल्या रेड्याजवळ धुतलेला सदरा घालून उभे होते. त्यांनी साहेबांना नमस्कार केला. मग माझ्याकडं वळून, जणू मी कुणी परकी अधिकारी आहे अशा आवाजात म्हणाले, “या बाई.” मला हसू फुटलं, आणि त्यांनाही.

दिवसभर आम्ही मोजत होतो. टेपचं एक टोक बाबांच्या हातात, दुसरं माझ्या. साहेबांनी नदीची खोली विचारली, चारीची रुंदी विचारली, पूर उतरताना धार कुठून येते ते विचारलं. बाबा माहीत होतं ते सांगत होते. मग साहेब म्हणाले, नव्या बोटीवर बादल्या नसतील. मोठा पंप असेल. नळ खाली सोडायचा, पाण्यासकट गाळ ओढायचा आणि पाइपातून थेट काठावर फेकायचा.

बाबांना ते बिलकुल पटलं नाही. साहेब जीपकडं गेल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, “पोरी, हा चिखल हाय, दूध न्हाई. नळीनं ओढाया. नळ तुंबंल. साहेबाला सांग, बादल्याच बऱ्या.”

“बाबा, साहेबांनी हे आधी दुसरीकडं केलंय.”

“केलं असंल. आमच्या नदीचा चिखल त्याला म्हाईत न्हाई,” ते म्हणाले, आणि रागावून रेड्याच्या इंजिनावर फडकं मारायला लागले.

जालन्याला परत आल्यावर माझं खरं काम सुरू झालं. बोट तीन लोखंडी पेट्यांची करायची ठरली. दोन लांब पेट्या दोन्ही बाजूंना, एक आखूड मागं मधोमध. तिन्ही वेगवेगळ्या न्यायच्या आणि नदीवर नट-बोल्टांनी जोडायच्या. पुढं दोन लांब पेट्यांच्या मधली फट मोकळी, तिच्यातून पंपाचा नळ खाली उतरणार. लांब पेट्यांचा पुढचा तळ सरळ ठेवायचा नव्हता. तो खालून वर असा वळत जायला हवा होता, म्हणजे पुराची धार त्याच्यावर आदळणार नाही, खालून निघून जाईल.

ते वळण कागदावर काढणं सोपं होतं. पण कागदावर ते वीतभर होतं आणि लोखंडात होणार होतं पुरुषभर. बोटभर चूक तिथं हातभर झाली असती. साहेब म्हणाले, जमिनीवर काढा, खऱ्या आकारात. शेडची एक बाजू मोकळी केली, फरशी धुतली, काळी रंगवली. मी पदर खोचून गुडघ्यांवर बसले आणि खडूनं रेघा मारायला सुरुवात केली.

पहिल्याच दिवशी चाचा येऊन उभे राहिले. त्यांची दाढी मेंदीची, काळा चष्मा कपाळावर चढवलेला.

“बाई, हितं ठिणग्या उडतात. साडी पेटली तर जवाबदार कोन?”

“मीच,” मी म्हणाले.

“पेटल्यावर तुम्ही काय जवाब देनार?” ते म्हणाले आणि निघून गेले. मला वाटलं, आता साहेबांकडं तक्रार जाणार. थोड्या वेळानं ते दोन माणसांबरोबर जुने पत्रे घेऊन आले. माझ्या आणि वेल्डिंगच्या जागेच्या मध्ये पत्र्यांचा आडोसा उभा केला, आणि माझ्या रेघांभोवती सुतळी बांधली. सगळ्यांना ओरडून सांगितलं, “सुतळीच्या आत जो चप्पल घेऊन जाईल, त्याची चप्पल मी भट्टीत टाकीन.”

वळण काढायला आम्ही फरशीत खिळे ठोकले आणि त्यांच्यामधून एक लांब, पातळ सागवानी पट्टी वाकवत नेली. पट्टी लाकडाचीच असल्यामुळं ती कुठं टोकदार मोडत नाही, आपोआप सुरेख वाकते. कुठं फुगवटा दिसला की खिळा थोडा सरकवायचा. मी जमिनीला गाल लावून त्या पट्टीवरून नजर टाकायचे, एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून. तीन दिवस असं झाल्यावर एका दुपारी ती रेघ जशी हवी तशी आली. आजही मला ती डोळे मिटून काढता येईल. साहेब आले, उकिडवे बसले, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “ह्याचे फर्मे कापा.” एवढंच. पण ते उठून गेल्यावर मी त्या पत्र्यांच्या आड बसून एकटीच हसत होते.

पत्र्याचे फर्मे, म्हणजे त्या रेघेच्या आकाराचे साचे कापले, त्यांवरून जाड लोखंडी पत्रे वाकवले, आणि पेट्या उभ्या राहायला लागल्या. हिवाळा गेला. शेडवरून जाणारे-येणारे लोक डोकावून विचारायचे, जिनिंगचं काही आहे का? गोदामाचं छप्पर आहे का? चाचा ताठ उभे राहून म्हणायचे, “जहाज.” लोक म्हणायचे, “चेष्टा करून राह्यले का चाचा?” चाचांना त्यातच मजा वाटायची.

प्रत्येक जोड तपासायची पद्धत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. वेल्डिंगच्या बाहेरच्या अंगाला चुन्याचा हात द्यायचा, तो वाळू द्यायचा. मग आतल्या अंगानं रॉकेल लावायचं. कुठं सुईच्या टोकाएवढं जरी भोक असलं, तरी चुन्यावर रॉकेलचा डाग उमटतो. तेव्हा रॉकेल रेशनवर मिळायचं, तेसुद्धा रांग लावून. पेटीच्या आत बसून रॉकेल फासणारा माणूस म्हणायचा, “घरी चुलीला न्हाई, अन् हितं लोखंडाला आंघोळ.” मी बाहेरून कंदील धरून चुना बघत फिरायचे. डाग दिसला की खडूनं गोल करायचे. पहिल्या पेटीवर पुष्कळ गोल झाले. चाचा ते बघून चष्मा खाली ओढून पुन्हा वेल्डिंगला बसले. तिसऱ्या पेटीवर एकही झाला नाही. त्या दिवशी त्यांनी सगळ्या शेडला भजी खाऊ घातली आणि मला पहिल्यांदा ‘बेटी’ म्हणाले.

उन्हाळ्याच्या तोंडाला बाबा नवं इंजिन आणि पंप शिकायला जालन्याला आले. माझ्या भाड्याच्या खोलीतच राहिले. सकाळी मी भाकऱ्या थापायचे, ते कांदा चिरायचे, आणि दोन डबे घेऊन आम्ही चालत वर्कशॉपला जायचो. गेटवरचा पहारेकरी आम्हा दोघांना एकदम सलाम ठोकायचा. बाप-लेक एकाच गेटातून कामाला जाताना बाबांची चाल बदलायची, हे मी बघत होते. ते माझ्या एक पाऊल मागं चालायचे. मी थांबले की तेही थांबायचे.

“बाबा, बराबरीनं चला की.”

“तू ऑफिसातली,” ते म्हणायचे. मग मी मुद्दाम रेंगाळायचे, आणि आम्ही दोघं असे हळू हळू चालत उशिरानं पोचायचो.

पंपावरचा त्यांचा अविश्वास मात्र कायम होता. इंजिन त्यांना आवडलं. त्याचा आवाज ऐकून म्हणाले, “हे हंबरत न्हाई, गुनगुनतं.” पंप बघून मान हलवायचे.

वैशाखात पेट्या निघाल्या. लांब ट्रेलरवर एकेक पेटी, पुढं जीप, मागं कामगारांचा ट्रक. जालन्याहून अंबड, अंबडहून वडीगोद्री. रस्त्यावरच्या वडाच्या फांद्या दोन माणसं पेटीवर बसून बांबूनं वर रेटून धरत होती. गावोगाव लोक उभे. वडीगोद्रीला दुकानदार काउंटर सोडून रस्त्यावर आले. एका म्हाताऱ्यानं काठीनं पेटीवर ठक ठक केलं आणि विचारलं, “लोखंड हाय?”

“हो, आजोबा,” मी ट्रकमधून म्हणाले.

“अन् पान्यात टाकनार?”

“हो.”

“मंग बुडंल की,” ते अगदी काळजीनं म्हणाले.

रस्ता संपून नदीकडची वाट लागली तेव्हा ट्रेलर वाळूत रुतला. चाकं जागच्या जागी फिरायला लागली. गावातून बैलजोड्या आल्या, एकापुढं एक जुंपल्या. आमच्या वस्तीतली माणसं, गावातली माणसं, वर्कशॉपचे कामगार, सगळे मागून खांदा लावून होते. पालापाचोळा, गोणपाट, तुराट्या, जे मिळालं ते चाकांखाली घातलं. दिवस मावळायच्या आत शेवटची पेटी काठावर होती.

जोडणीला बरेच दिवस लागले. पेट्या रुळांच्या तुकड्यांवर ठेवलेल्या होत्या. रूळ उतरत उतरत डोहाच्या पाण्यात गेलेले आणि त्यांना ग्रीस माखलेलं. दोन्ही बाजूंना एकेक लाकडी पाचर होती. दोन्ही पाचरी एकदम निघाल्या की बोट आपल्या वजनानं खाली घसरणार. रंगाऱ्यानं माझ्या नकाशावरून बोटीच्या चारी अंगांनी एक पांढरी पट्टी ओढली होती. आमच्या हिशेबानं पाणी तिथपर्यंत यायला हवं होतं. वर आलं तर बोट जड झाली, खाली राहिलं तर काहीतरी बसवायचं राहिलं. सगळ्या वस्तूंची वजनं मीच मांडली होती आणि साहेबांनी तपासली होती.

बोट सोडायच्या दिवशी काठावर जत्रेसारखी गर्दी. गावातले एक मोठे शेतकरी नारळ घेऊन आले होते. पांढरा फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी. त्यांच्या विहिरीवर माझ्या आजीला कधी दोर टाकू दिला नव्हता. कुणीतरी वरून ओतेल तेव्हा ओंजळ धरायची, अशी तिची सगळी हयात गेली. हे मला मायनं सांगितलं होतं, आणि त्यांनाही ते आठवत असणारच.

त्यांनी नारळ फोडला. मग साहेबांना विचारलं, “पाचर कोन काढनार?”

“एका बाजूला आमचे मिस्त्री,” साहेब म्हणाले, “आणि दुसऱ्या बाजूला ह्या. बोटीचा नकाशा ह्यांनी काढला आहे.”

त्या गृहस्थांनी माझ्याकडं बघितलं. मग बोटीवर उभ्या असलेल्या बाबांकडं बघितलं. गर्दीत कुजबुज झाली. माझ्या हातात हातोडा होता. बाबा वरून खाली माझ्याकडंच बघत होते. त्यांचा चेहरा मला आजही वाचता येत नाही.

ते गृहस्थ एकदम गर्दीकडं वळले आणि काठी आडवी धरून ओरडले, “सरका मागं! सरका की! पोरीला हात चालवाया जागा द्या!”

लोक मागं झाले. चाचांनी पलीकडून आवाज दिला, “बेटी, तीनवर. जल्दी न्हाई करायची. एक... दोन...”

मी सगळा जीव एकवटून हातोडा मारला. पाचर उडाली. क्षणभर काहीच झालं नाही. मग लोखंडाचा एक लांब कण्हल्यासारखा आवाज आला, बोट हलली, रुळांवरून घसरत गेली आणि पाण्यात घुसली. डोहाचं पाणी दोन्ही बाजूंना उठलं आणि काठावरच्या पोरांच्या अंगावर आलं. लाट ओसरली. बोट तरंगत होती. बाबा वर उभे होते, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून.

सगळे ओरडत होते, टाळ्या वाजवत होते. मी मात्र पांढरी पट्टी बघत होते. उजव्या अंगाला पाणी पट्टीला टेकलं होतं. डाव्या अंगाला पट्टी पाण्याच्या चार बोटं वर होती. बोट कलली होती.

साहेबांनी पण ते बघितलं होतं. ते शांतपणे माझ्याजवळ आले. “काय राहिलं असेल?”

मी मनातल्या मनात सगळी वजनं पुन्हा मांडली. इंजिन, पंप, चरखा, नळ, दोर. मग एकदम आठवलं. “साहेब, डाव्या बाजूला डिझेलची टाकी आहे. मी ती भरलेली धरली होती. आत्ता रिकामी आहे.”

साहेबांच्या गालात पान होतं, तरी ते मोठ्यांदा हसले. नावेतून डिझेलची पिंपं बोटीजवळ नेली. बाबांनी एकेक पिंप टाकीत रिकामं केलं. गर्दीला कळत नव्हतं काय चाललंय, ती पांगायला लागली होती. मी काठावर बसून बघत होते. पट्टी खाली येत गेली, एक बोट, दोन बोटं, आणि शेवटचं पिंप संपलं तेव्हा पाण्याला येऊन टेकली. दोन्ही अंगांनी सारखी. मी चाचांना हाक मारायला तोंड उघडलं आणि मला रडू आलं. चाचा म्हणाले, “अरे, रोती क्यूं? तैरी ना!”

पाऊस आला आणि गेला. नदी उतरली, चारी गाळानं भरली. पहिल्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून गेले. बाबांनी नळ खाली सोडला, इंजिन चालू केलं, पंप जोडला. पिंपांवर तरंगणारा पाइप काठापर्यंत गेला होता. पहिल्यांदा त्यातून नुसतं पाणी आलं. बाबांनी माझ्याकडं ‘बघ, सांगितलं व्हतं’ अशा नजरेनं बघितलं. एवढ्यात पाइप थरथरला, खोकल्यासारखा आवाज झाला, आणि काळाभोर गाळ तुळईएवढ्या जाड धारेनं काठावर जाऊन पडायला लागला. रेड्याच्या सगळ्या बादल्यांनी दिवसभरात जेवढा निघायचा, तेवढा न्याहारीच्या आत निघाला असावा.

बाबा इंजिनाच्या आवाजावर ओरडून म्हणाले, “पोरी! ओढून राह्यलाय गं! दुधावानी ओढून राह्यलाय!” आणि मांडीवर थाप मारून हसत राहिले. आपलं चुकलं होतं, याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या वर्षी वरच्या गावांना पुरं पाणी मिळालं.

रेडा पुढं मोडीत काढायचं ठरलं. गॅस कटर घेऊन माणसं आली, तेव्हा बाबांनी त्यांना दुपारपर्यंत थांबवलं. स्वतः पाना घेऊन इंजिनाचे सगळे नट-बोल्ट सोडवले, पुसले आणि ओळीनं वाळूवर मांडून ठेवले. मग म्हणाले, “आता कापा.” आणि नव्या बोटीवर कामाला गेले.

मायनं तोपर्यंत कुठल्याच बोटीवर पाय ठेवला नव्हता. एका रविवारी नवं लुगडं नेसून आली. बाबांनी हात धरून तिला चढवलं. तिनं सगळीकडं हात फिरवून बघितलं. तिचं माहेर नदीच्या पलीकडं, बीडकडच्या काठाला. तिनं तिकडं बोट दाखवलं.

“मंग आता पल्याड सोडा मला. भावाकडं जाऊन येते.”

बाबा म्हणाले, “अगं, ही पल्याड जात न्हाई. दोरावर हितल्या हितं सरकते.”

मायनं माझ्याकडं बघितलं. “जहाज बांधलं म्हनून गावभर सांगून राह्यली, अन् नदीबी वलांडत न्हाई?”

मी आणि बाबा इतके हसलो की खलाशी काय झालं ते बघायला धावत आले. माय काही हसली नाही. पण उतरलीही नाही. दिवसभर पंपाजवळ बसून राहिली, गाळाची धार बघत. संध्याकाळी काठावर उतरून तिनं तो गाळ मुठीत घेतला, चुरला, वास घेतला.

“हे सोनं वाळूवर टाकून राह्यले तुम्ही?” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीपासून ती टोपलीनं तो गाळ आमच्या घरामागच्या तुकड्यात नेऊन टाकायला लागली. तिचं बघून वस्तीतल्या बाया आल्या, मग गावातल्या बैलगाड्या आल्या. त्या हिवाळ्यात मायच्या तुकड्यात अशी वांगी लागली, की झाडं वाकली. एका सोमवारी मी जालन्याला निघाले तेव्हा तिनं एसटीच्या टपावर पोतंभर वांगी चढवली. म्हणाली, निम्मी साहेबाला, निम्मी त्या मिस्त्रीला, आणि सांग, पुढच्या साली याहून मोठी देईन.